एजंट नक्की कोणाचा?

नवऱ्याला म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिकहून म्हैसूरला आलो. आठ वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात काढली. मग घरमालकाच्या मुलाचं परत यायचं ठरलं आणि त्यांनी मेअखेर घर रिकामं करायला सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने झेपेनासे झालेच होते. आता तळमजल्याचं स्वतःचं घर घ्यायचं, असं आम्ही ठरवलं.

शेजारच्यांनी एका एजंटचा नंबर दिला. फोनवर माझी कन्नड अडखळली तसा तो सरळ मराठीत बोलू लागला. त्याचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेतले, घरात अजून मराठीच.

"अक्का, चिंता नको करू तुमी. आपल्या मानसांचं काम हाय. मी बगतो."

बाहेरच्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकली आणि मी विरघळलेच.

तीन रविवार तो आमच्याच गाडीतून आम्हाला घरं दाखवत फिरला. तिसऱ्या रविवारी जयलक्ष्मीपुरमातलं एक घर पाहिलं. मागे अंगण, विहिरीजवळ कढीपत्त्याचं झाड. सासूबाई अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला इथून उठवू नका."

परत येताना मी एजंटला विश्वासानं सांगितलं, "मे संपायच्या आत आम्हाला हलावंच लागणार, आणि आईंना हेच घर हवंय. पण मालकांना हे कळू देऊ नका. किंमत जरा कमी करून घ्या."

"सुम्ने बसा अक्का, मी बोलतो," तो म्हणाला. म्हणजे गप्प बसा, बाकी माझ्यावर सोडा.

पुढच्या आठवड्यात बोलणी करायला गेलो. मालक निवृत्त प्राध्यापक, अगदी सौम्य माणूस. नवऱ्यानं आमचा आकडा सांगितला. मालक हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मेमध्ये घर सोडायचंय ना तुम्हाला? आणि आईंना आमचा कट्टा फार आवडला म्हणे."

मी एजंटकडे पाहिलं. तो कॉफीवर फुंकर घालत होता.

फाटकाबाहेर आल्यावर मी त्याला थांबवलं. "तुम्ही कोणाकडून आहात?"

"मालक सारांकडून, अक्का. त्यांनीच घर इकायला दिलंय मला."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच नाय की."

त्याच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती. आपलं काही चुकलं असं त्याला खरंच वाटत नव्हतं, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं.

"तीन रविवार माझ्या शेजारी बसून सगळं ऐकून घेतलंत! एकदा तरी म्हणायचं, बाई, हे मला सांगू नका, मी मालकांचा माणूस आहे."

"तसं कोन सांगतं अक्का?"

नवऱ्यानं माझा दंड धरला. "चल. सगळे एजंट असेच असतात."

दोन आठवडे आम्ही दुसरीकडे शोधलं. तळमजल्याचं, परवडणारं काहीच मिळेना. शेवटी तेच घर घेतलं, मालकांनी सांगितलेल्या किमतीला. एक पैसा कमी झाला नाही, आणि होणार तरी कसा?

मी स्वतःवरही चिडले होते. पाणी किती वेळ येतं, कागदपत्रं साफ आहेत का, पावसात गळतं का, सगळं मी खोदून खोदून विचारलं होतं. हा माणूस कोणासाठी काम करतो, एवढंच विचारायचं सुचलं नाही. पण ते मी का विचारायचं? ज्याला ठाऊक आहे त्यानं आधी सांगायला नको?

सासूबाईंना हे पटवून देता येत नाही. "घर चांगलं आहे ना? मग झालं तर," त्या म्हणतात. घर चांगलंच आहे. माझं म्हणणं घराबद्दल नाहीच.

वास्तुशांतीला तो फुलांचा हार घेऊन आला. सासूबाईंनी त्याला आग्रहानं जेवायला बसवलं. मी वाढत होते. पुरणपोळीवर तूप घालायला वाकले तसा तो मनापासून म्हणाला, "अक्का, तुमच्या वळकीत कोनी घर बगत असलं तर सांगा."

मी तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले.