डेन्मार्कचे वकील आणि माझे दोन मामा

हिंदुस्थानात डेन्मार्कच्या वतीनं बोलणारा पहिला माणूस मार खाऊन आलेला होता. ताफ्याच्या आधी पुढं पाठवलेलं त्याचं जहाज पोर्तुगीजांनी तमिळ किनाऱ्यावर बुडवलं, बरोबरची बहुतेक माणसं कापली नाहीतर पकडली, आणि दोन मुंडकी किनाऱ्यावर खांबांना टोचून ठेवली. मागून येणाऱ्या डॅनिश लोकांना दिसावीत म्हणून. हा गडी उरलेल्या मूठभर माणसांना घेऊन तंजावरच्या राजाच्या दरबारात पोचला आणि एका लांबच्या राजाच्या वतीनं बोलणी करू लागला. अंगावर धड कपडे तरी होते का, कोण जाणे.

डेन्मार्कची हिंदुस्थानातली वकिलात हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. भंडाऱ्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, नोकरी लागते का याच्यावर. नाही लागत. मी एका कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवते. वकिलाला शत्रूसुद्धा हात लावत नाही, असं मी वर्गात ठासून सांगत असे. एका मुलीनं विचारलं, मग त्या मुंडक्यांचं काय? मी फटकारलं, ते वकील नव्हते, खलाशी होते. वर्गात माझा आवाज जरा चढतोच.

पुढं डॅनिश लोकांनी आपली ठाणी इंग्रजांना विकली. मग बंदरांतले व्यापारी त्यांचे वाणिज्यदूत म्हणून काम पाहायचे, त्यातले काही डेन्मार्कचे नव्हतेही. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत रीतसर वकिलात आली. अलीकडं एका आरोपीला इकडं पाठवायला तिथल्या कोर्टानं नकार दिला, तेव्हा आपल्या सरकारनं काही वर्षं अबोला धरला. वकिलात उघडी, झेंडा वर, पण आपल्या अधिकाऱ्यांनी त्यांना भेटायचं नाही. हे प्रकरण लिहिताना मला सारखे माझे मामा आठवायचे.

आईचे दोन भाऊ सानगडीला एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचे. वाटणीत शेत वाटलं गेलं, बोडी सामायिक राहिली. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, तिच्या पाण्यावर दोघांचं धान. एका साली धाकट्यानं बोडीची पाळ फोडून पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात घेतलं, तर थोरल्यानं काठीनं त्याची दोन बोटं मोडली. पुढच्या साली धाकट्या मामीनं थोरल्यावर विळा फेकला, त्याचा कान फाटला. बोटं वाकडी जुळली, कान फाटकाच राहिला. पोलिसांत कोणी गेलं नाही, आणि त्यानंतर दोन्ही घरांत बोलचाल बंद झाली.

माझी ये-जा मात्र दोन्हीकडं चालू होती, कारण मी दोघांची एकुलती भाची. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव्हारे गेले, ही रीत तेवढी राहिली. पांढऱ्या मिशांचा माणूस आपल्यापुढं वाकतो याची मला लहानपणी लाज वाटायची, पुढं सवय झाली. भाचीवर हात उगारणाऱ्याला आमच्यात कोणी दारात उभं करत नाही. म्हणून निरोप न्यायचं काम माझ्याकडं आलं.

मागच्या पावसाळ्यानं शेवटी शेवटी दगा दिला. धान निसवायच्या बेतात आणि बांध्या कोरड्या. थोरल्या मामाचा फोन आला.

"सांग त्याले, यंदा आदी पानी त्यानं घ्यावं. मी मागून घेतो. मले आता भांडाचं नाही."

"मामा, तुम्हीच सांगा ना."

"माह्या तोंडून तो आयकत नाही. तू जाय. तुह्यावर कोनी हात नाही उचलत."

एसटीनं साकोली, तिथून ऑटोनं सानगडी. रस्ताभर मी खुशीत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांचे तह वाचले, आज एक आपल्या हातानं होणार, असं वाटत होतं. थोरला मामा शेताच्या तोंडाशीच भेटला. हातात बंडीची उभारी होती, बैलगाडीच्या कडेला उभा खोचतात तो दांडा, चांगला जाड. मी काही विचारलं नाही, शेतात कोणाच्या हातात काही ना काही असतंच. तो मागून चालत आला.

धाकटा मामा बोडीच्या पाळीवर फावडा घेऊन उभा होता. मी निरोप सांगितला. तो भावाकडं बघून मला म्हणाला,

"खरं बोलून राहिला का हा?"

"हो मामा. मला फोन करून बोलावलं त्यांनी."

त्यानं फावडा खाली टाकला. डोळे भरून आले होते. "तू आली म्हून," एवढंच म्हणाला, आणि नेहमीसारखा माझ्या पायाशी वाकला.

त्याची वाकडी बोटं माझ्या पावलावर होती, तेव्हा उभारी त्याच्या डोक्यात बसली. तो तसाच पुढं कलंडला, माझे पाय त्याच्याखाली अडकले. दुसरा घाव मानेवर. तिसऱ्याला मी थोरल्या मामाच्या मनगटाला कडाडून चावले. त्यानं मला झटकलं, मी पाळीच्या दगडावर पडले आणि माझा पुढचा दात तुटला. तरी तो मारतच होता, धान झोडपतात तसा. शेजारच्या बांधीतली माणसं धावत आली तेव्हा त्यानं उभारी टाकली आणि खाली बसला. पाळीवरचं रक्त उतरत बोडीच्या चिखलात गेलं.

आधी साकोली, मग भंडारा, मग नागपूर. धाकट्या मामाला शुद्ध आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईनं माझा हात घट्ट धरला. "पाळीवरून पडला म्हन. एक भाऊ गेला माह्या, दुसराबी नेऊ नको."

बाकीचे सगळे लांबून धावत आलेले. पहिल्यापासून पाहणारी मी एकटी होते. मला आईची कीव आली आणि तिचा रागही आला. माझ्या सलवारीवर तिच्या भावाचं रक्त वाळलं होतं आणि ती मला असं सांगत होती. मी पोलिसांना पाहिलं ते सगळं सांगितलं. तेव्हापासून आई माझ्या हातचं खात नाही. धाकटी मामीही मला घरात घेत नाही. तिचं म्हणणं, भाची पाठवून त्यानं नवऱ्याला वाकवला आणि मारला. हे खरं का, ते विचारायला मी जेलात थोरल्या मामाला भेटायला गेले.

जाळीपलीकडं तो म्हातारा झालेला दिसला. मनगटावर माझ्या दातांचा वण होता.

"मामा, एकच विचारते. मला पाठवलं ते याच्यासाठीच का?"

"नाही वं पोरी," तो म्हणाला. "पाठवली तवा मनात नव्हतं. पानी देनारच होतो मी त्याले."

"मग?"

त्यानं फाटका कान चोळला.

"तो तुह्या पायाशी वाकला, तवा आलं. एवढ्या सालात त्याची मान मले अशी कधी दिसलीच नव्हती."