माका आणि कंबरमोडी

पान डाव्या तळहातावर ठेवायचं, अंगठ्यानं करकरून चोळायचं आणि हात समोरच्याच्या नाकापर्यंत नेऊन विचारायचं, "झाला काय काया?" अमरावतीतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा तो हातच मला आधी आठवतो. काळा झाला तर माका. नाही झाला तर कंबरमोडी, आणि मग आणणाऱ्याची खैर नाही.

तुम्हीही ही दोन्ही झाडं पाहिली असतील. एकाच कुळातली, खरखरीत पानांची. माका ओल धरून राहतो, त्याचं बारीक पांढरं फूल पानांच्या बगलेत. कंबरमोडी भिंतीच्या फटीतही उगवते आणि लांब दांडीवर फूल मिरवते. "सख्ख्या बहिणी हायेत," काकू म्हणायच्या, "म्हणून एकीच्या पाटावर दुसरीले बसवता काय?"

पितृपक्षात, गेलेल्या काकांच्या पत्रावळीवर माका लागायचा. काकूंना मूलबाळ नव्हतं. श्राद्धाला अकोल्याहून पुतण्या यायचा. एकदा त्यानं कंबरमोडी उपटून आणली. भटजी म्हणाले, भावना महत्त्वाची.

"भावना हाये माह्यापाशी. माका नाई."

सगळ्यांना उपाशी बसवून त्यांनी पुतण्याला माका आणायला परत नाल्यावर पिटाळलं. वर बजावलं, "माह्या श्राद्धाले असं केलं, त मी जेवाले येणार नाई."

पुढे नाल्याला सिमेंट लागलं आणि काठचा माका गेला. काकूंनी अंगणातला नळ मुद्दाम गळता ठेवला, खाली माका लावला. पाणी वाया जातं म्हणून मी भांडलो, तर पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

काकू गेल्या. पुतण्यानं आधी नळ दुरुस्त केला, मग अंगणात फरशी घातली. त्यांच्या तिथीला पत्रावळीवर कंबरमोडी होती, फुलासकट. मी पान चोळलं. हात नुसता हिरवा झाला. पुतण्यानं पाहिलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.

गच्चीवरच्या घासावर कावळा लगेच आला. "पाहा, आली काकू," पुतण्या म्हणाला. मला संताप आला.

"कावळ्याले पाला समजत नाई," मी म्हणालो, "काकूले समजत होता." आणि न जेवता उठलो.

घरी येऊन मी अंगणातल्या नळाचा वायसर काढून फेकला. बायको म्हणाली, पाणी गळतंय. म्हटलं, गळू दे.

परतवाड्याच्या रस्त्यावरच्या ओढ्यातून माक्याचं बी आणून टाकलं आहे. पहिली उगवली ती कंबरमोडीच. उपटून फेकली. नळ गळतोच आहे.