दोन प्लेअर, एक बटण

आमच्या मेहुण्यांनी हात लावल्यामुळे एखादी वस्तू बिघडली, असं कोणी म्हणू शकणार नाही. ती फक्त पूर्वीसारखी कधी चालत नाही. हे माझ्या बायकोचे धाकटे भाऊ. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत नोकरी, आणि शिफ्ट सुटली की घरी जायचं सोडून पेणला माझ्या डोक्यावर येऊन बसायचं. बिघाडाचं कारण कळण्याआधी वस्तू सुरू झालेली त्यांना खपत नसे. आमचा टीव्ही बंद पडला की त्याच्या कुशीत एक थाप द्यायची, लगेच लागायचा. मेहुण्यांनी ती थाप बंद करवली. म्हणाले, "भाऊजी, थाप खाऊन बरा झालेला बरा झाला असं धरायचं नाय." कारण सापडेपर्यंत आमच्या घरातल्या बायका मालिका बघायला शेजारी जात होत्या, आणि शेजारीण टोमणे मारत होती.

मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा मी एका उसन्या भोंग्यावर उभा केलेला. कॅसेटी ऐनवेळी गुंडाळतात म्हणून कंप्युटर घेतला. पनवेलच्या दुकानदाराशी दुपारभर घासाघीस करून त्यात विंडोज फुकट घालून घेतलं. मेहुण्यांनी ते पहिल्याच दिवशी पुसलं आणि कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स घातलं. तेही फुकटच. फुकटाच्या वस्तूसाठी भांडायचं तरी कोणाशी? त्यावर त्यांनी गाणी वाजवायचे दोन प्लेअर ठेवले, एक मंगलाष्टकांमागच्या मंद सनईला, दुसरा लग्न लागल्यावरच्या वाजंत्रीला. आता गंमत अशी, की एकाचा आवाज कमी केला की दुसऱ्याचाही कमी व्हायचा. दोघांत मिळून आवाजाचं बटण एकच, आणि प्रत्येकाला वाटे ते आपल्या बापाचं. मी म्हटलं, एकच प्लेअर ठेवा ना. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोनातलं एक पोर घराबाहेर काढायला सांगतोय.

वडखळच्या बाजूला एक नवा हॉल झाला होता. मालक अख्ख्या मोसमाचं काम एकालाच देणार होता आणि पहिलं लग्न म्हणजे माझी परीक्षा होती. भटजींचं तिसरं मंगलाष्टक चाललं होतं, मागे सनई मंद. वाजंत्री तयार असावी म्हणून मेहुण्यांनी दुसरा प्लेअर उघडला. उघडल्या उघडल्या आवाज पूर्ण चढवायची त्या प्लेअरला सवय. बटण एकच, त्यामुळे मंद चाललेला सनई-चौघडा हॉलभर कडाडला. आपल्याकडे लग्न लागलेलं कोणी बघत नाही, ऐकतात. लोकांनी मुठीतल्या अक्षता टाकून दिल्या आणि मागच्या रांगा थेट पंगतीकडे निघाल्या. अंतरपाट तसाच धरलेला. नवऱ्याची आत्या शेजारणीला म्हणाली, "थांब गो, यांचं लागायचं हाय अजून." शेजारीण केव्हाच पानावर बसली होती. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी रिकाम्या खुर्च्यांना ऐकवली.

हॉलमालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेठ, तुमच्या मशीनला वऱ्हाडापेक्षा जास्त भूक लागलेली." मोसमाचं काम दुसऱ्याला गेलं. मी तावातावाने मेहुण्यांकडे गेलो, तर ते कंप्युटरच्या टेबलाखालून आनंदाने बाहेर येत होते. "भाऊजी, सापडलं. सनईची चूक नाय, वाजंत्रीचीपण नाय. दोघांचा हात एकाच बटणावर हाय." मी त्यांना सांगितलं, पुन्हा माझी पायरी चढायची नाही.

पुढे कंपनीने त्यांना गुजरातला पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी आले, दुसरं साउंड कार्ड बसवलं, सनईचं बटण वेगळं केलं, वाजंत्रीचं वेगळं, आणि मी बोलत नव्हतो म्हणून चहा न घेता गेले.

पुढच्या मोसमात हॉलमालकाचं त्या दुसऱ्याशी फाटलं आणि तो आपणहून आला. त्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि बरोबर वेळेवर वाजंत्री कडाडली. शिवी द्यायला मी सवयीने टेबलाखाली वाकलो. खाली नुसत्या वायरी होत्या.

टीव्ही अजून अधूनमधून बंद पडतो. बायको थाप द्यायला उठते. मी म्हणतो, थांब, आधी कारण बघू. मला काही कळत नाही. तरी बंद टीव्हीसमोर आम्ही दोघं जरा वेळ बसून राहतो.