मागच्या सीटचं वजन

प्रकाश सरळ रेषेत जातो. शाळेच्या पुस्तकातलं हे वाक्य मला मामांनी समजावून सांगितलं आणि त्यावर मी पन्नाशीपर्यंत निर्धास्त विसंबून राहिलो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडापासून मात्र त्यातला ‘सरळ’ हा शब्द मी जरा हलक्या हाताने वापरतो.

या सदरातले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतोय, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्येचा पिंपळ... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. एक हेडलाइट आहे, एक टिकली आहे आणि एका भावी नगरसेवकाच्या मिशा आहेत. निराशा झाली तर आधीच माफी मागतो.

आधी घरची पार्श्वभूमी. छप्पन साली आजोबा दीक्षा घेऊन आले, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही घराबाहेर गेली. मामा अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्ट्यांमध्ये गावोगाव जाऊन ते लिंबातून रक्त काढून दाखवत, आणि मग ते कसं काढलं हेही सांगत. मामांचं भूत झालं असं कुणी म्हटलं, तर सगळ्यात आधी मामांनाच ते पटणार नाही. गेल्या वर्षी ते हृदयविकाराने गेले, भरदिवसा, डॉक्टरांच्या देखत. त्यात गूढ असं काहीही नव्हतं.

त्यांच्यामागे मामी राहिली आणि एक जुनी मोटरसायकल राहिली. कंपनीचं नाव देत नाही, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये अर्धे लोक अ‍ॅव्हरेज विचारतील. गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे एवढं पुरे. मोतीबिंदूमुळे मामांना संध्याकाळचं दिसेनासं झालं, तेव्हापासून गाडी मामी चालवायची. मामी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, हाडापेराने दणकट. मामा मागे बसून गिअर कधी टाकायचा ते सांगायचे आणि मामी ते ऐकायची नाही. अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला ते असेच यायचे. मामा गेल्यावर वायरिंगच्या कामासाठी गाडी मी इकडे आणली होती.

मामांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्या मित्रांनी अकोल्यात कार्यक्रम ठरवला. हॉल, स्टेज, स्टेजवर हार घातलेली गाडी, चार मान्यवर आणि ‘आपण आणि अंधश्रद्धा’ या विषयावर माझं भाषण. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलू शकतो अशी लोकांची समजूत आहे. मामीची अट एकच होती. फोनवर म्हणाली, “गाडी दिव्यासकट चालू पाहिजे. अन् टेम्पोत टाकून आणू नको, प्रमोद. थे काही म्हैस नाही.”

कॉलेज आटोपून निघायचं म्हणजे मूर्तिजापूरच्या पुढे अंधार होणार, आणि त्या पट्ट्यात रस्त्याचं काम चालू होतं. म्हणजे दिवा नीट लागलेला असणं हा माझ्या हाडांचा प्रश्न होता. निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, मी त्याचा रोख लावायला घेतला.

मामांची पद्धत अशी. गाडी भिंतीला भिडवायची, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करायची आणि गाडी तशीच सरळ मागे न्यायची. मग डिपरचा उजेड खुणेच्या चार बोटं खाली पडला पाहिजे. मुख्य गोष्ट म्हणजे गाडी स्टँडवर नको आणि सीटवर माणूस हवा. मागे वजन वाढलं की मागच्या स्प्रिंगा दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड वर चढतो. वजन उतरलं की उजेड खाली येतो. दिवा रिकाम्या गाडीला लावायचा नसतो, बसणाऱ्याला लावायचा असतो, असं ते सांगायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंद गोडाऊनची भिंत आहे. तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स होता, त्यावर एक भावी नगरसेवक गळ्यात हार घालून हात जोडून उभे. फ्लेक्सवर खडू उमटेना, म्हणून माझ्या बायकोने, सुजाताने, कपाळावरची टिकली काढून दिली. ती बरोबर साहेबांच्या हनुवटीवर आली. म्हणजे उजेड त्यांच्या हारावर पडायला हवा होता.

सुजाता दोन्ही पाय जमिनीला टेकवून सीटवर बसली. मी पुढे उभा राहून दिव्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल केले, दिवा ज्यात बसतो ती वाटी झुकवली, उजेड हारावर आणला आणि पाना फिरवून बोल्ट आवळले. काम संपलं होतं.

तेवढ्यात मागून ‘कुईं’ असा आवाज आला आणि उजेड वर चढू लागला. झटक्याने नाही... अवजड माणूस सावकाश बसावा तसा. हारावरून हनुवटीवर, टिकलीवर, मग मिशांवर. तिथे थांबला.

बोल्ट सरकले असं मी म्हटलं असतं. पण माझा हात वाटीवरच होता. वाटी हलली नव्हती. गाडी हलली होती.

“मागे सरकलीस का?” मी विचारलं.

सुजाता ताठ बसली होती. मान न वळवता ती हळूच म्हणाली, “मी नाही हलली. तुमी मागं पाहा ना जरा.”

मी पाहिलं. मागची सीट रिकामी होती. रेक्झिन मधोमध दबल्यासारखं वाटलं, पण जुन्या सीटचं रेक्झिन कसंही दिसतं.

ती उतरली आणि थेट फ्लेक्सपाशी जाऊन उभी राहिली. गाडीजवळ यायला तयार होईना. मी टायरची हवा पाहिली, बोल्ट पाहिले, स्प्रिंगा हाताने चाचपल्या. सगळं ठीक. मग मी स्वतः बसलो. उजेड मिशांवरच. जुन्या स्प्रिंगा बसल्या असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि जरा मोठ्याने बोलून दाखवला. बसल्या बसल्या पुढे वाकून पुन्हा बोल्ट सैल केले. सुजाता तिकडून ‘खाली... अजून खाली’ असं सांगत गेली आणि उजेड हारावर आला.

घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं की मामांनी दिवा नेहमी दोघांच्या वजनाला लावलेला असायचा, आणि मी एसटीने जावं. मी तिला विचारलं, अंधश्रद्धेवरच्या भाषणाला मी भुताला भिऊन एसटीने आलो, हे प्रास्ताविकात सांगू की समारोपात? ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. बडनेरा, लोणी... उजेड होता तोवर मजेत. मूर्तिजापूरला चहा घेतला, किक मारली आणि दिवा लावला. रस्त्यावर उजेड अगदी हवा तिथे पडत होता. म्हणजे स्प्रिंगा बसल्या होत्या हे सिद्ध झालं. तरी वळणावर गाडी जड वाटत होती, आणि एकट्याच्या गाडीला पाठीवर जो वारा लागतो तो लागत नव्हता. आरशात बघायचा मोह झाला नाही, कारण त्या गाडीला आरसे नाहीत. ही गोष्ट माझ्या चांगलीच पथ्यावर पडली.

बोरगाव मंजूच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे वाहतूक एकाच बाजूने सोडली होती. समोरून ट्रक येत होता, त्याचे दिवे डोळ्यांत जात होते. अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मी करत होतो. डावीकडची पांढरी पट्टी धरून, वेग कमी न करता जात होतो.

आणि मागून ‘कुईं’ झालं. गाडी एकदम हलकी झाली आणि उजेड पुढच्या चाकापाशी येऊन पडला. पुढे नुसता काळोख. पांढरी पट्टीसुद्धा गेली.

मी ब्रेक दाबला. गाडी एका बाभळीपाशी, खडीवर घसरत थांबली. तेवढ्यात समोरचा ट्रक जवळ आला आणि त्याच्या उजेडात मला माझ्या पुढ्यात काड्यांचं एक जंगल दिसलं. पऱ्हाटीने भरलेली ट्रॉली, अर्धी रस्त्यावर, ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मातीच्याच रंगाची. कापसाच्या वाळलेल्या काड्या ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आल्या होत्या, माझ्या छातीच्या उंचीवर. वेग होता तसाच राहिला असता, तर हा अनुभव तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितला असता.

ट्रक निघून गेला. इंजिन चालू होतं, उजेड चाकापाशी पडलेला होता. मी उतरलो नाही. मागे बघितलं नाही. खडीवर काही वाजलं का, हे मला अजूनही सांगता येत नाही, कारण मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. एकदा मात्र तोंडातून निघून गेलं, “मामा?” आवाज इंजिनात बुडाला. ते बरंच झालं.

थोड्या वेळाने स्प्रिंगा पुन्हा कुरकुरल्या. उजेड सावकाश वर चढला, चाकापासून रस्त्यावर, रस्त्यावरून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, आणि तिथे स्थिर झाला. मी पहिला गिअर टाकला आणि ट्रॉलीला वळसा घालून निघालो. अकोला येईपर्यंत दिवा एकदाही हलला नाही.

मामी फाटकातच उभी होती. कंपाउंडच्या भिंतीवर पडलेला उजेड तिने आधी पाहिला, मग मला.

“बरोबर लावला दिवा,” ती म्हणाली. “चेहरा काहून असा झाला रे तुया?”

मी दमलो म्हटलं.

कार्यक्रम छान झाला. मान्यवरांनी गाडीला हार घातला, एकाने सीटवर बसून फोटो काढून घेतला. मी भाषण दिलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते आपण शोधलं पाहिजे, हे माझं वाक्य टाळ्यांचं ठरलं. दुपारी गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. स्प्रिंगा उत्तम आहेत, बसलेल्या वगैरे नाहीत, असं तो म्हणाला. त्याच्या दुकानाच्या अंधाऱ्या मागच्या खोलीत मी गाडीवर एकटा बसलो आणि त्याने दिवा लावून पाहिला, तर उजेड फारच खाली पडत होता. हा कोणी लावला, असं त्याने जरा कुत्सितपणे विचारलं. मी नाव सांगितलं नाही.

तेव्हापासून मी स्प्रिंगा, शॉकअपचं तेल, सीटचा फोम, माझं स्वतःचं वजन, सगळं तपासून पाहिलं. दिवा दोनदा दगा देतो हे समजू शकतं. त्याने वर चढावं, ट्रॉलीच्या आधी उतरावं आणि मग पुन्हा चढावं, याचं कारण मला सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. ‘मामांचा आशीर्वाद’ असं मात्र लिहू नका, मामा चिडतील.

अमरावतीला परतायच्या आधी मी मामीला सगळं सांगितलं. ती कप विसळत होती. घाबरली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. हात पुसून फक्त विचारलं, “बोरगावच्या अलीकडं? बाभळीपाशी?”

मी हो म्हणालो.

“तिथं तं थे दर बखत उतरत. शुगर होती ना त्यायले. मूर्तिजापुरात चहा झाला की त्या बाभळीपाशी लघवीले लागेच.”

मूर्तिजापूरला मी एकच चहा सांगितला होता.