बिघडलेल्या शीटची फाईल

बहारीनमधल्या सित्र्याच्या प्रेसमधला आमचा डच साहेब कधी कुणावर ओरडायचा नाही, आणि मला नेमकं तेच खटकायचं. हॉलंडमध्ये त्याच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा छापखाना होता. तो बंद पडल्यावर हा इथे प्रॉडक्शनचा प्रमुख म्हणून आला. मी त्याच्या हाताखाली चाररंगी मशीन चालवायचो. पुण्यातल्या प्रेसमध्ये चुकलं की शिव्या पडायच्या आणि विषय संपायचा. हा मात्र माझी रंग सरकलेली शीट भिंगाखाली बघायचा, "ओके, अगेन," म्हणायचा आणि ती घडी घालून स्वतःच्या बॅगेत टाकायचा. चांगली शीट कधीच नाही, फक्त बिघडलेली.

माझा व्हिसा दोन महिन्यांत रिन्यू व्हायचा होता आणि तो साहेबाच्या शिफारशीवर होता.

हूरा भागातल्या खोलीत माझ्यासोबत राहणारा रत्नागिरीचा क्लार्क म्हणाला, "अरे, तो तुजी फाईल बनवताय. एक दिवस मालकापुढं ठेवील नि खलास!"

मी मुळातच संशयी. त्यानंतर तर साहेबाने गुड मॉर्निंग म्हटलं तरी कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. बिघडलेल्या शीट मी शर्टाच्या आत दडवून कंपनीच्या बसने घरी आणू लागलो. शेवटी एका सकाळी बहारिनी मालकाकडे जाऊन सांगितलं, की साहेब गिऱ्हाइकांचे छापील कागद बाहेर नेतो. बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याची आज लाज वाटते.

मालकाने साहेबाला तिथल्या तिथे बोलावलं. त्याने बॅगेतून फाईल काढली. त्याच्या हाती लागलेली माझी एकूण एक चूक तारखेनिशी लावलेली! मग मालक शीटांच्या कोपऱ्यातलं पेन्सिलीचं इंग्रजी वाचू लागला. 'प्लेट मी तपासली नाही.' 'शाई घट्ट होती, मी सांगायला हवं होतं.' प्रत्येकाखाली सही साहेबाची. माझं नाव कुठेच नव्हतं.

"आमच्या घरात कारागिराची चूक मालकाच्या नावावर लिहितात," साहेब म्हणाला. "माझे वडीलही लिहायचे."

फाईलच्या तळाशी माझा व्हिसाचा फॉर्म होता. त्यावर त्याने आठवड्यापूर्वीच सही केली होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलावं, असंच वाटत होतं. तो हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यातल्या काही शीट मला मिळाल्या नाहीत. तुझ्याकडे असतील तर उद्या आण. माझी सही राहिलीय."