भास्करने मला वेगळं का केलं?

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात त्याच्यावरच चिडून बसलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस, दारात गर्दी, आणि दवाखान्यात पडल्या पडल्या हा माणूस माझा फोन उचलत नव्हता... त्याच्या बायकोचा, वहिनींचा, आवाज ऐकून आधी मी तक्रारच केली. मग त्या काय सांगताहेत ते ध्यानात आलं. आता काही आठवडे उलटलेत, तरी डोक्यातला गुंता सुटत नाही.

वडवणीत आम्हा दोघा मित्रांची दोन दुकानं. ऑनलाइन अर्ज, दाखले, झेरॉक्स. त्याचं बाजारात, माझं एसटी स्टँडसमोर. छतांवर समोरासमोर अँटेना बसवून आम्ही ती जोडलेली. ऊसतोडीला निघालेली माणसं त्याच्याकडे अर्ज भरत, बाजारहाट उरकत आणि प्रिंट माझ्याकडून घेऊन गाडीत बसत. ही सोय त्याचीच कल्पना. जोडायचं कसं, यावर मात्र आमचं कधी जमलं नाही. त्याला ब्रिजिंग हवं, म्हणजे दोन्ही दुकानांचं मिळून एकच नेटवर्क, इकडचा प्रिंटर तिकडे आपोआप दिसणार. मी राउटिंगचा धोशा लावलेला. नेटवर्क दोन, मध्ये राउटर. काम असेल तेवढंच पलीकडे जाईल, एकाकडचा गोंधळ दुसऱ्याकडे नाही. “एका घरात दोन चुली कशाला रं?” तो म्हणायचा. सेटिंग त्याच्या हातात, म्हणून ब्रिजिंगच राहिलं.

मग ऐन हंगामाच्या धांदलीत भास्करसाहेबांनी टेबल आवरताना नेटवर्कच्या एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरा जोडायच्या डबीत, खुपसली. नेटवर्क स्वतःशीच बडबडत सुटलं आणि दोन्ही दुकानं ठप्प! माझ्याकडे दाखल्यासाठी थांबलेल्या बाईची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मी खवळलो, कोणीही खवळला असता. फोनवर तो एवढंच म्हणाला, “बरं बाबा. लई तरास हाय तुला माझा.” दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहाला हजर. त्यामुळे मी विषय संपला असं धरून चाललो.

परवा त्याचं दुकान पुन्हा सुरू करायचं म्हणून वहिनींनी बोलावलं. अँटेनाचं सेटिंग उघडलं आणि पाहतच राहिलो. राउटिंग! दोन नेटवर्क, वेगवेगळी. माझ्याकडच्या कशालाही हात न लावता सगळा बदल त्याने आपल्या बाजूने केला होता आणि मला पत्ताच नाही.

“हे कधी केलं त्यानं?”

“दवाखान्यात जायच्या आधी,” वहिनी म्हणाल्या. “दिसभर हितंच बसलते. तुमाला सांगितलं न्हाई?”

“चिडला होता का माझ्यावर?”

“मला काय म्हाईत भाऊजी? त्यांच्या तोंडावरून कधी काय कळलंय?”

इतकी वर्षं जे मागत होतो ते मिळालं आणि मला रडू आलं. हा राग होता? की आपल्या माघारी दुकानात कोणी काही गोंधळ घातला तरी माझं चालू राहावं, म्हणून? की माझं म्हणणं अखेर पटलं होतं? पटलं असतं तर सांगितलं असतं... नाही, सांगितलं असतं तर मी गावभर मिरवलं असतं. पुन्हा ब्रिजिंग करावं म्हणून माउस हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी काहीच न बदलता घरी आलो.

काल वहिनींनी दुकान उघडलं. दुपारी मी हिशोब करता करता कुठेतरी हरवलेला असताना माझा प्रिंटर आपणहून सुरू झाला. पाठोपाठ वहिनींचा फोन. “भाऊजी, हितं कितीबी दाबलं तरी कागद येईना!”

ट्रेमध्ये कुणाचातरी उत्पन्नाचा दाखला पडला होता. राउटरमधून माझ्या प्रिंटरपुरती वाट भास्करने मोकळी ठेवली होती, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर प्रिंट दाबली की ती थेट माझ्याकडेच यावी, अशी सोय करून गेला होता.

“कागद इथं आलाय वहिनी,” मी म्हणालो. “माणसाला स्टँडवर पाठवा.”

माणूस आला, दाखला घेऊन गेला. मी मात्र प्रिंटरसमोरून हललो नाही. भास्करकडून अजून काही येतंय का, बघत बसलो.