ड्रायव्हरच्या गालावरचा व्रण

"तुमचाच भाऊ आहे तो, ताई. जरा उजेडात धरून बघा तरी."

"उजेडात धरला, अंधारात धरला, उलटा धरला. हा माझा भाऊ नाही."

"अहो, फोटो तुम्हीच नाही का आणून दिलात? तोच मोठा केलाय. मी फक्त सफाई केली."

"सफाई केलीस का माणूसच झाडून काढलास? कुणीतरी बँकेतला साहेब बसवलायस इथे. गाल बघ त्याचा, आत्ता न्हाव्याच्या खुर्चीतून उठल्यासारखा. माझ्या भावाचा गाल फाटलेला होता, बाई. फाटलेला आणि वाईट शिवलेला. तो कुठे गेला?"

काकूने कुंचला वाटीतल्या पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणूनच ते तोंडातून बाहेर पडेना.

फोटो स्टुडिओ म्हणजे दहा पावलांची खोली. एका टोकाला निळा पडदा आणि स्टूल, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि खिडकीशी काकूचं उतरतं टेबल. त्यावर भिंग, तीन कुंचले, काळ्या-करड्या शाईच्या वाट्या आणि दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा. सासरा फोटो काढायचा, नवरा फोटो काढायचा, दोघेही गेले. आता सून कॅमेरा आणि कॉम्प्युटर सांभाळते. काकूने आयुष्यभर एकच काम केलं : फोटोतल्या चेहऱ्यावरचे डाग काढले. मुरुम, देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या. पात्याने अलगद खरवडायचं आणि कुंचल्याच्या टोकाने ठिपका ठिपका भरायचं. त्यावरून तिला सगळे सफाईकाकू म्हणत. नव्याने राहायला आलेल्या एका बाईने एकदा जिना झाडायचे किती घेता म्हणून विचारलं होतं. "आधी थोबाड दाखवा," काकू म्हणाली होती, "मग जिन्याचं बघू."



समोर बसलेल्या म्हातारीचा भाऊ लष्करात ट्रकवर होता. सगळे त्याला ड्रायव्हर म्हणत. फौजेतून सुटून घरी आला, नंतर चाळीस वर्षं साधी सायकलसुद्धा चालवली नाही, तरी ड्रायव्हरच. दोन महिन्यांपूर्वी गेला. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये एक भिंत आहे. गेलेल्या प्रत्येकाचा फोटो तिथे लागतो. वर्षातून एक दिवस तिथे नावं वाचतात. नाव पुकारलं की घरच्यांनी उठून आपल्या माणसाच्या फोटोखाली जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. तो दिवस परवावर आला होता. म्हातारी फोटो बघायला म्हणून हॉलमध्ये गेली आणि फ्रेम उतरवून, काखेत मारून थेट स्टुडिओत आली.

"परवा मी ह्याच्याखाली उभी राहणार नाही," ती म्हणाली. "परक्या पुरुषाखाली काय म्हणून उभी राहू? माझा फोटो मला परत दे. जसा दिला तसा."

तीच तर गोची होती. जसा दिला तसा फोटो आता जगात कुठेच नव्हता.

ड्रायव्हरने जन्मात एकदाच फोटो काढला होता, पेन्शनच्या कागदांसाठी. त्याची एकुलती एक प्रत बहिणीच्या पाकिटात घडी घालून राहिलेली. ती काकूच्या टेबलावर आली तेव्हा सून माहेरी गेली होती. आधी कॉम्प्युटरवर प्रत उतरवून घ्यायची आणि मगच हात लावायचा, असं सून कानीकपाळी ओरडून सांगायची. पण ते मशीन काकूला चालवता येत नव्हतं, आणि थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने मूळ कागदावरच पातं धरलं. गालावर दोन रेघा होत्या. भिंगाखाली कागदाची घडी वेगळी दिसते, कातडीची खूण वेगळी. घडी पांढरी आणि कोरडी. खुणेला सावली असते. पहिली रेघ घडीची होती, ती भरली. दुसरीला सावली होती. काकूचा हात तिथे थांबला होता. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग तिला वाटलं, मेलेल्या माणसाला निदान चेहरा तरी धड मिळू दे. आणि तिने खरवडलं. त्या साफ केलेल्या फोटोवरूनच सुनेने मोठा फोटो करून फ्रेम केली.

"उद्या सकाळी या ताई," ती म्हणाली. "मी बघते."

"काय बघणार? तुला काय स्वप्न पडणार आहे?" म्हातारीने फ्रेम टेबलावर आपटली आणि छत्री टेकत निघून गेली.

ती गेल्यावर काकूने जुना फोटो खणातून काढला. खिडकीत तिरका धरला, भिंगाखाली घातला, श्वास रोखून पाहिला. पात्याची एखादी रेघ, कागदाचा एखादा निस्तेज पट्टा, काहीतरी. पण हात इतका साफ बसला होता की काहीच सापडेना. रेघ नेमकी कुठून कुठे गेली होती, तेही आठवेना. ज्या हाताचं लोकांनी आयुष्यभर कौतुक केलं, त्याचा तिला पहिल्यांदा राग आला.

"सांगितलं होतं, आई," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"सांगितलं होतंस. आता चहा टाक, नाहीतर जा."

सुनेने चहा टाकला. तो न पिताच काकू हॉलकडे चालू पडली.

हॉलमध्ये तिरपं ऊन भिंतीवर आलं होतं. त्रेचाळीस फोटो, एका खिळ्याची जागा रिकामी. काकू ह्या भिंतीसमोर अशी कधी उभीच राहिली नव्हती. एकेक फोटो टेबलावरून गेला, तेवढीच ओळख. आता सगळे एकदम बघितले. त्रेचाळीस जण, सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे. सगळ्यांचे गाल सपाट. कपाळं इस्त्रीची. लढायांमधून फिरून आलेली माणसं, पण कुणाच्या तोंडावर साधा ओरखडा म्हणून नाही.

"कोण, वहिनी का?" कोपऱ्यातून आवाज आला.

बिगुलवाला होता. जुन्या तुकडीतला हा एकटाच उरलेला. दात गेले तेव्हापासून बिगुल फुंकणं बंद. तरी रोज येऊन तो घासूनपुसून ठेवायचा. डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं धूसर, पण चालण्याच्या आवाजावरून माणूस ओळखायचा.

"मीच, भाऊजी. तुम्हाला ड्रायव्हरच्या गालावरची खूण आठवते?"

"ती विसरून कसं चालेल? गाडीखाली स्फोट झाला तेव्हा समोरची काच फुटून त्याच्या गालात शिरली. मागे दहा जण, मी त्याच्या शेजारी. एका डोळ्यात रक्त, आणि गडी दोन तास गाडी हाकत राहिला. थांब म्हटलं तर शिव्या घालायचा. त्या शिव्या अजून पाठ आहेत मला, म्हणू?"

"नको."

"बरं." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "एक विचारू, वहिनी? मी रोज इथे बसतो. ह्या सगळ्यांबरोबर जेवलोय, झोपलोय, मार खाल्लाय. आणि भिंतीवर बघावं तर एकही ओळखीचा दिसत नाही. मला वाटलं, डोळे पार गेले आपले."

काकू जवळच्या बाकावर बसली. तिने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, हात थांबला होता तेसुद्धा.

बिगुलवाला रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला, बोळक्या तोंडाने. "म्हणजे डोळे शाबूत आहेत म्हणायचे."

"बाकीच्यांचं काय काय आठवतं?"

"वरच्या ओळीतल्या दुसऱ्याचा कान अर्धा होता. स्वयंपाक्याच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग. आणि तो..." त्याने बोट उचललं आणि खाली घेतलं. "बाकीच्यांचं आठवेना. ते त्यांनीच सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत स्टुडिओत आला. फोटोवर बोट ठेवून जागा दाखवणं त्याला जमेना. कागद सपाट, बोट घसरायचं. "खऱ्या चेहऱ्यावर असती तर दाखवली असती," तो पुटपुटला.

काकूने चष्मा काढला आणि डावा गाल पुढे केला. "घ्या."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"वय बघा तुमचं. लोकांना बोलायलासुद्धा काही मिळणार नाही."

तिने त्याच्या हातात मऊ पेन्सिल दिली. त्याने एका हाताने तिच्या गालाचं हाड चाचपलं आणि दुसऱ्या हाताने रेघ ओढायला घेतली. डोळ्याच्या खालून निघाली, मधे जरा अडखळली, आणि ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबली. काकू उठून आरशाकडे निघाली आणि अर्ध्यावर थबकली. आरसा सगळं उलटं दाखवतो. त्यावरून काढलं तर खूण भलत्याच गालावर जायची. ती निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसली.

"काढ माझा फोटो," ती सुनेला म्हणाली.

"असा?"

"असाच. आणि सफाई करू नकोस."

तो फोटो समोर ठेवून काकूने ड्रायव्हरचा मोठा फोटो फ्रेममधून काढला आणि काम सुरू केलं. आयुष्यभर ठिपक्या ठिपक्याने डाग बुजवले होते. आज ठिपक्या ठिपक्याने डाग बसवत होती. हात नवशिक्यासारखा जड. बिगुलवाला शेजारी बसून होता, नीट काही न दिसता मान हलवत. म्हातारी आली तेव्हा शाई वाळून फोटो पुन्हा फ्रेममध्ये बसला होता.

तिने फ्रेम हातात घेतली. बराच वेळ बघितलं.

"ओठापर्यंत नव्हती," ती म्हणाली.

"होती," बिगुलवाला म्हणाला. "म्हणूनच तो एका बाजूने हसायचा."

"तो लहानपणापासून तसाच हसायचा! मी कडेवर घेऊन वाढवलाय त्याला, मला सांगतोस? खूण कानाकडे वळलेली होती."

"कानाकडे नव्हती, बाई. मी दोन तास तेवढंच बघत होतो."

"कानाकडेच..." म्हातारीने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, कानाकडे नेलं, पुन्हा ओठाकडे आणलं. बोट मधेच थांबलं. "का आधी सरळ हसायचा? आता तुम्ही म्हणताय तर... गेल्या महिन्यात विचारलं असतंत तर डोळे मिटून सांगितलं असतं. हा गुळगुळीत चेहरा बघितला आणि सगळं सरमिसळ झालं बघा."

काकूच्या हातात कुंचला तसाच होता. कानाकडे वळवायचं म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. पण कुठे वळवायचं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. कागद होता, तो तिनेच खरवडला होता.

"माझ्यामुळे झालं, ताई. तुमचा मूळ फोटोच खरवडला मी," काकू म्हणाली.

"तुझ्यामुळेच झालं," म्हातारी म्हणाली. मग तिने पदराने काच पुसली आणि फ्रेम काखेत घेतली. "राहू दे. फाटका तरी दिसतोय. परक्यापेक्षा बरा." दारापाशी थांबून बिगुलवाल्याला म्हणाली, "चल रे, मला भिंतीपर्यंत सोबत कर. खिळा उंच आहे."

"मला तरी कुठे दिसतोय?"

"मग चाचपडू दोघं मिळून."

ते गेले. काकूने जुन्या वहीचा कागद फाडला आणि त्यावर लिहिलं : वरची ओळ, दुसरा, अर्धा कान. स्वयंपाकी, हनुवटी, भाजल्याचं. पुढे काय लिहायचं ते सुचेना. एक्केचाळीस ओळी कोऱ्या राहिल्या. तिने कागद भिंगाखाली दाबून ठेवला.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. कालच काढून गेली होती, आज घ्यायला आली होती. "काकू, तेवढे मुरुम काढाल ना? आणि हा तीळ पण." मग तिचं लक्ष गेलं. "अगंबाई, गालाला काय झालं तुमच्या?"

"काही नाही. बस तिथे."

काकूने मुलीचा फोटो उचलला, पात्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"सूनबाई," तिने हाक मारली, "आधी ह्याची एक प्रत काढून ठेव." प्रत निघाल्याचा आवाज येईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग चष्मा लावला, भिंग ओढलं, आणि पहिल्या मुरुमावर कुंचल्याचं टोक टेकवलं.